कोणी पाहत नसताना...

दिवाळीची रात्र ही अवसेची रात्र. दारात पणत्या तेवत असतात, गॅलरीत आकाशकंदील डोलत असतो, आणि वर आकाशात चंद्राचा पत्ता नसतो. म्हणून 'आज चंद्र नाहीच' असे कोणी म्हणत नाही. तो आहे, फक्त आपल्याला दिसत नाही, असे आपण धरून चालतो. दोन दिवसांनी भाऊबीज येते. बहिणी गच्चीवर जाऊन आधी चंद्राच्या कोरीला ओवाळतात आणि मग भावाला. 'मधल्या दिवसांत तू होतास कोठे?' असे त्या चंद्राला कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

पण हा प्रश्न एका थोर माणसाने अगदी गंभीरपणे विचारला होता. प्रिन्स्टनमध्ये अब्राहम पायस या तरुण सहकाऱ्याबरोबर फिरायला गेला असताना आल्बर्ट आइन्स्टाइन मध्येच थांबला आणि त्याने विचारले, 'मी पाहतो तेव्हाच चंद्र असतो, असे तुम्हाला खरोखर वाटते का?' पायसने ही आठवण पुढे १९७९ साली लिहून ठेवली. आइन्स्टाइन काही विनोद करीत नव्हता. ज्या नव्या पदार्थविज्ञानाच्या पायाचे काही दगड त्याने स्वतःच बसवले होते, ते विज्ञान आता आपल्याला असे काहीतरी कबूल करायला लावणार, या शंकेने तो अखेरपर्यंत बेचैन होता.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पुंजयामिकी, म्हणजे ज्याला आता सारेच 'क्वांटम' म्हणतात ते शास्त्र, हा माझा प्रांत नव्हे, आणि त्यातली समीकरणे सोडवण्याचा आव मी आणणार नाही. परंतु या शास्त्रावरून शंभर वर्षे जो वाद चालला आहे, त्यात समीकरणांबद्दल भांडण जवळजवळ नाहीच. समीकरणे सर्वांना मान्य आहेत. त्यांची उत्तरे प्रयोगाशी काटेकोर जुळतात. भांडण आहे ते या समीकरणांचा अर्थ काय, याबद्दल. 'आहे' म्हणजे काय? 'दिसले' म्हणजे काय? 'पाहिले' असे कोणी आणि केव्हा म्हणावे? शब्दांच्या अर्थावरून भांडण जुंपले की भाषेच्या मास्तराला दाराशी उभे राहून ऐकण्याचा थोडासा अधिकार पोहोचतो. त्या अधिकारात हा लेख.

मुठीतले नाणे

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा गर्भितार्थ असा की दिसण्याच्या पडद्यामागे एक खरे 'असणे' दडलेले आहे. ते ज्याला कळले तो फसत नाही. न्यूटनपासून पुढची दोन-सव्वादोनशे वर्षे पदार्थविज्ञानही याच श्रद्धेवर चालले. ग्रह असो की धुळीचा कण, प्रत्येकाला प्रत्येक क्षणी एक ठराविक जागा आहे, ठराविक वेग आहे. आपण पाहा वा न पाहा. पाहणे म्हणजे आधीच असलेली गोष्ट वाचून घेणे.

१९२५ साली हायझेनबर्गने आणि १९२६ साली श्रोडिंगरने वेगवेगळ्या वाटांनी अणूच्या आतले नवे गणित मांडले, आणि या श्रद्धेला तडा गेला. इलेक्ट्रॉन या क्षणी कोठे आहे, असे या गणिताला विचारले तर ते सांगते, 'येथे सापडण्याची शक्यता इतकी, तेथे सापडण्याची इतकी.' मोजमाप केले की तो कोठेतरी एकाच जागी सापडतो. मोजण्यापूर्वी तो कोठे होता, याबद्दल गणित मौन पाळते.

आता शक्यता ही काही आपल्याला नवी नाही. क्रिकेटच्या सामन्याआधी नाणे उडवतात. ते मुठीत पकडले की छापा की काटा हे आपल्याला माहीत नसते, निम्मी-निम्मी शक्यता. पण मुठीच्या आत काय ते ठरलेलेच असते. ही शक्यता नाण्याच्या अंगची नव्हे, आपल्या अज्ञानाची. मग इलेक्ट्रॉनचेही असेच आहे काय? तो मुठीतल्या नाण्यासारखा आधीच ठरलेला आहे आणि आपल्याला तेवढे ठाऊक नाही, की मूठ उघडेपर्यंत छापाही नाही आणि काटाही नाही? वादाचे बीज ते हेच.

दोन मित्रांचे भांडण

१९२७ च्या ऑक्टोबर महिन्यात ब्रुसेल्स शहरी सोल्वे परिषद भरली. त्या वेळचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. एकोणतीस माणसे, आणि त्यातील सतरा जणांना आधी ना नंतर नोबेल पारितोषिक मिळालेले. या परिषदेत आइन्स्टाइन आणि डेन्मार्कचा नील्स बोर यांची जुंपली. दोघे एकमेकांचे मनापासून चाहते. आइन्स्टाइन सकाळी न्याहारीच्या वेळी एक काल्पनिक प्रयोग रचून आणी, आणि 'पाहा, येथे तुमचे शास्त्र अडते' असे म्हणे. बोर दिवसभर विचार करी आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्यातली चूक दाखवून देई. १९३० च्या परिषदेत हेच पुन्हा झाले.

बोरचे म्हणणे असे : मोजण्याचे साधन आणि मोजायची वस्तू यांना वेगळे काढून 'वस्तू स्वतः कशी होती' असे विचारण्यात अर्थ नाही. प्रयोगाची सारी मांडणी मिळून जो अनुभव येतो, त्याचेच वर्णन करता येते, आणि ते आपल्या रोजच्या भाषेतच करावे लागते. आइन्स्टाइनला हे मंजूर नव्हते. देव फासे टाकीत नाही, या अर्थाचे वाक्य त्याने मॅक्स बोर्नला १९२६ मध्येच लिहिले होते. पण खरे तर फाशांपेक्षाही त्याला एक गोष्ट अधिक सलत होती : आपल्यावाचून जगाला स्वतःचे असे रूप आहे, हे सोडायला तो तयार नव्हता.

याच प्रश्नाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचतो. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापूट गावी आइन्स्टाइनच्या घरी रवींद्रनाथ ठाकूर गेले. बोलणे निघाले ते सत्य माणसावाचून असते की नाही, यावर. सौंदर्य माणसावाचून नाही, हे आइन्स्टाइनला मान्य होते. सत्याचे मात्र तसे नाही, असे तो म्हणाला. माणूस असो वा नसो, पायथागोरसचा सिद्धांत खराच. रवींद्रनाथांचे म्हणणे, ज्या सत्याचा मानवी मनाशी काही संबंधच नाही, ते आपल्यापुरते नसल्यासारखेच. शेवटी आइन्स्टाइन म्हणाला, तर मग मी तुमच्यापेक्षा अधिक धार्मिक आहे! माणसावाचूनच्या सत्यावरचा आपला विश्वास सिद्ध करून दाखवता येत नाही, ती आपली श्रद्धा आहे, हे त्याने मोकळेपणी मान्य केले होते.

१९३५ च्या मे महिन्यात आइन्स्टाइनने पोडोल्स्की आणि रोझेन या दोघा सहकाऱ्यांसह एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यातला गाभा आपल्या परिचयाच्या वस्तूने सांगतो. कोल्हापुरी चपलांचा एक जोड घ्या. न बघता एक चप्पल एका खोक्यात घालून पुण्याला पाठवा, दुसरी नागपूरला. पुण्याचे खोके उघडले आणि डावी निघाली, तर नागपूरला उजवी गेली हे तत्क्षणी कळले. यात जादू नाही, कारण कोणती चप्पल कोठे हे खोकी बांधतानाच ठरले होते. एकदा एकत्र येऊन मग दूर गेलेल्या दोन कणांची अशीच जोडी जुळलेली असते, हे पुंजयामिकीही सांगते. आइन्स्टाइनचे म्हणणे एवढेच : पुण्याला पाहून नागपूरचे कळते, त्या अर्थी नागपूरचे आधीच ठरलेले होते. तुमचे शास्त्र ते सांगत नाही, म्हणून ते अपुरे आहे.

या जोडीला श्रोडिंगरने त्याच वर्षी एक नाव दिले. मराठीत त्याला काय म्हणावे, याचा मी पुष्कळ विचार केला. गुंतवणूक म्हणावे तर बँकेचे पासबुक आठवते. गुंतागुंत म्हणावे तर संसार. मी आपला 'गुंफण' म्हणतो.

बोरने उत्तर दिले. ते बऱ्याच जणांना नीट कळले नाही, पण बहुतेकांनी ते मान्य केले. वाद मिटला असे समजून तरुण शास्त्रज्ञ आपापल्या गणिताकडे वळले. पाहण्यापूर्वी काय होते, हे तर पाहून ठरवता येणार नाही. मग असल्या प्रश्नात वेळ कोणी घालवायचा? तो तत्त्वज्ञांच्या कट्ट्यावरचा विषय ठरला.

जुळ्यांची परीक्षा

आणि येथेच या कहाणीतील सर्वांत नवलाची गोष्ट घडली. पाहण्यापूर्वी काय होते, हे पाहून ठरवण्याची युक्ती एका माणसाला सापडली. ती युक्ती समजायला बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित लागत नाही. वाचकहो, येथे थोडे थांबून माझ्याबरोबर हिशेब करा.

मी परीक्षक आहे, तेव्हा उदाहरण परीक्षेचेच घेतो. दोन जुळे भाऊ आहेत. एकाला पुण्याच्या केंद्रावर बसवले, दुसऱ्याला नागपूरच्या. फोन नाही, चिठ्ठी नाही. प्रत्येक केंद्रावरचा परीक्षक तीन प्रश्नांतून एक प्रश्न चिठ्ठी टाकून काढतो : चहा आवडतो का? पाऊस आवडतो का? गणित आवडते का? उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. अशी परीक्षा जुळ्यांच्या हजारो जोड्यांवर घेतली, आणि असे आढळले की दोघा भावांना एकच प्रश्न आला, तर दोघांचे उत्तर दर वेळी एकच येते. एकदाही चुकत नाही.

परीक्षक म्हणून आपण काय म्हणू? दोघांनी घरूनच ठरवून आणले आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे दोघांच्या खिशात सारखीच लिहिलेली आहेत. आइन्स्टाइन म्हणत होता ते हेच. यात उत्तर खिशात आधीपासूनच असते. विचारणे म्हणजे ते बाहेर काढणे.

आता दोघांना वेगवेगळे प्रश्न आले, त्या परीक्षा पाहा. प्रश्न तीन, उत्तरे दोनच प्रकारची. तेव्हा खिशातल्या तीन उत्तरांपैकी निदान दोन तरी सारखी असलीच पाहिजेत; दोन रंगांचे तीन मोजे काढले की दोन एका रंगाचे निघणारच, तसे. चहा-पाऊस, पाऊस-गणित, चहा-गणित अशा तीन जोड्या होतात. त्यांपैकी निदान एका जोडीत उत्तरे जुळली पाहिजेत. म्हणजे भावांनी घरी काहीही ठरवलेले असो, वेगवेगळे प्रश्न आले असता तीनांत निदान एकदा उत्तरे जुळणारच. अशा नऊशे परीक्षा असतील, तर सुमारे तीनशे वेळा तरी. याहून कमी करून दाखवणारी खिशातली चिठ्ठी जगात लिहिता येत नाही.

पुंजयामिकी काय सांगते? आपले जुळे म्हणजे प्रकाशाचे दोन गुंफलेले कण. प्रश्न म्हणजे ध्रुवण तपासणाऱ्या काचेचे तीन कोन, एकमेकांपासून साठ-साठ अंशांवर. 'हो' म्हणजे कण काचेतून पार झाला, 'नाही' म्हणजे अडला. कोन एकच असता उत्तरे नेहमी जुळतात. आणि कोन वेगळे असता चारांत फक्त एकदा. नऊशेत दोनशे पंचवीस.

तीनशे की दोनशे पंचवीस? आइन्स्टाइन आणि बोर यांचे तत्त्वज्ञानातले भांडण असे एका आकड्यावर येऊन ठेपले. आता निसर्गालाच विचारायचे बाकी होते.

विचारणारी माणसे

ही युक्ती शोधणारा जॉन बेल १९२८ साली बेलफास्टमध्ये एका साध्या कुटुंबात जन्मला. शाळा संपल्यावर विद्यापीठात तो प्रथम शिरला तो विद्यार्थी म्हणून नव्हे, तर प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून. पुढे जिनिव्हाच्या 'सर्न' या संस्थेत तो नोकरीला लागला. तेथे त्याचे पगाराचे काम वेगळे. हे प्रश्न तो फावल्या वेळात करी. १९६४ साली त्याने अवघ्या सहा पानांचा निबंध लिहिला, आणि तो छापून आला थोड्याच वर्षांत बंद पडलेल्या एका नव्या नियतकालिकात. कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

बेलच्या आधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. जॉन फॉन नॉयमन या महान गणितज्ञाने १९३२ साली असे सिद्ध केल्याचे मानले जाई की, खिशातल्या छुप्या उत्तरांची कल्पना पुंजयामिकीत बसूच शकत नाही. इतक्या मोठ्या माणसाने सिद्ध केले म्हटल्यावर वादच संपला. १९३५ साली ग्रेटे हर्मान या जर्मन विदुषीने त्या सिद्धतेतले एक गृहीतक आधाराविना घेतले आहे, हे दाखवून दिले. तिचे कोणी ऐकले नाही. १९५२ साली डेव्हिड बोमने छुपी उत्तरे धरून एक पूर्ण उपपत्तीच रचून दाखवली. अशक्य म्हटलेली गोष्ट झालेली पाहून बेल खडबडून जागा झाला. हर्मानने तीस वर्षांपूर्वी दाखवलेली तीच उणीव त्याने स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. मोठ्या नावापुढे आपण तपासणे सोडून देतो, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

बेलचा निबंध अमेरिकेतल्या जॉन क्लाउझर या विद्यार्थ्याच्या हाती पडला. प्रयोग करून पाहावा, असे त्याने ठरवले. वडीलधाऱ्यांनी सांगितले, नाद सोड, करिअरची माती होईल. क्लाउझरने ऐकले नाही. पुंजयामिकीच खोटी ठरेल, अशी त्याला आशाही होती. १९७२ साली बर्कली येथे त्याने आणि स्टुअर्ट फ्रीडमनने कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशकणांच्या जोड्यांवर प्रयोग केला. निकाल लागला तो त्याच्या आशेविरुद्ध आणि पुंजयामिकीच्या बाजूने. त्याने तो तसाच्या तसा छापला. वडीलधाऱ्यांचे भाकीत मात्र काही अंशी खरे ठरले : प्राध्यापकाची कायमची जागा त्याला मिळाली नाही.

फ्रान्समधला अलँ आस्पे हाच प्रयोग अधिक काटेकोर करण्याचा मनसुबा घेऊन बेलला भेटायला गेला. बेलने त्याला पहिला प्रश्न विचारला तो शास्त्रातला नव्हता. 'तुमची नोकरी कायम आहे ना?' एवढेच त्याने विचारले. हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय कानांना किती ओळखीचा वाटतो! आस्पेची नोकरी कायम होती. १९८२ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कण वाटेत असतानाच 'प्रश्न' बदलण्याची सोय केली, म्हणजे एका भावाचा प्रश्न दुसऱ्याला आधी कळायला वाव उरू नये. निकाल तोच.

शंका घेणाऱ्यांनी त्यातूनही फटी शोधल्या, आणि एकेक फट बुजवण्यात पुढली तेहतीस वर्षे गेली. २०१५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट, ऑस्ट्रियातील व्हिएन्ना आणि अमेरिकेतील बोल्डर येथे मुख्य फटी एकाच वेळी बंद करून प्रयोग झाले. डेल्फ्टला दोन केंद्रांतले अंतर सुमारे १.३ किलोमीटर होते. २०१७ मध्ये चिनी उपग्रहाने गुंफलेली जोडी १,२०३ किलोमीटर दूर असलेल्या दोन ठिकाणी उतरवली. मग कोणी म्हणाले, चिठ्ठ्याच आधीपासून ठरलेल्या असतील! तेव्हा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिठ्ठ्या टाकण्याचे काम अतिदूरच्या क्वेसारांच्या प्रकाशावर सोपवले. त्यातला जवळच्या क्वेसाराचा प्रकाशही ७८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. आपली पृथ्वी तेव्हा जन्मलीही नव्हती. सगळीकडे उत्तर एकच : खिशात चिठ्ठी नाही.

आपल्याकडेही या प्रश्नावर विचार झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी बेलच्या नियमाचा दोनपेक्षा अधिक कणांपर्यंत विस्तार करणारे काम १९९१ साली प्रसिद्ध केले.

२०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउझर आणि व्हिएन्नाचे आंतोन त्साइलिंगर या तिघांना विभागून मिळाले. बेल ते पाहायला नव्हता. १९९० सालीच, बासष्टाव्या वर्षी तो गेला होता.

मग खरे काय?

तर आइन्स्टाइन हरला काय? इतके सोपे नाही. प्रयोगांनी सांगितले ते एवढे : 'प्रत्येक गोष्टीचे उत्तर तिच्यापाशी आधीच लिहिलेले असते' आणि 'एका जागी केलेल्या कृतीचा परिणाम दूरच्या जागी तत्क्षणी होत नाही' ही दोन्ही वाक्ये एकत्र खरी असू शकत नाहीत. आइन्स्टाइनला दोन्ही हवी होती. निदान एक सोडावेच लागते. कोणते सोडायचे, हे मात्र निसर्गाने अजून सांगितलेले नाही.

बोरच्या वाटेने जाणारे पहिले सोडतात : पाहण्याआधी उत्तर नव्हतेच. बोमच्या वाटेने जाणारे दुसरे सोडतात : उत्तर असते, पण दूरच्या दोन कणांत प्रकाशाहूनही जलद असे काही नाते असते. ह्यू एव्हरेटने १९५७ साली तिसरीच वाट काढली : दोन्ही उत्तरे खरी ठरतात, आणि प्रत्येक उत्तराबरोबर जगालाच नवी फांदी फुटते. काहींच्या मते सारे गणित म्हणजे जगाचे चित्र नसून आपल्या अपेक्षांची वही आहे. २०२५ साली, या शास्त्राला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने, 'नेचर' नियतकालिकाने शास्त्रज्ञांची मते मागवली. १,१०० हून अधिक लोकांनी उत्तरे दिली. बोरच्या पंथाला सर्वांत जास्त मते पडली, आणि तीही सुमारे ३६ टक्केच. समीकरण एक आणि अर्थ अनेक, ही स्थिती आम्हा साहित्यवाल्यांना नवी नाही. पण आमच्याकडे चंद्रयान उडत नाही, तेथे उडते.

आणि या अर्थाच्या दारातूनच चोरही आत शिरतात. 'विज्ञानाने आता सिद्ध केले आहे की मनच जग घडवते' असे व्यासपीठावरून सांगणारे व्याख्याते मी ऐकले आहेत. क्वांटमच्या नावाने लोलक, ताईत आणि दुर्धर रोगांवरचे उपचार विकले जातात, आणि घरातले माणूस अंथरुणाला खिळलेले असले की शहाणीसुरती कुटुंबेही त्यांना पैसे मोजतात. म्हणून येथे एका शब्दापुरते माझे शिक्षकी काम मी करतो. तो शब्द म्हणजे 'पाहणे'.

मराठीत पाहणे म्हटले की डोळे आले, डोळ्यांमागे मन आले. प्रयोगशाळेतले 'पाहणे' तसे नसते. तेथे कण एका साधनावर आदळतो, साधन त्याची नोंद करते. त्या वेळी खोलीत कोणी जागे असण्याची गरज नसते. माणसे सकाळी येऊन नोंदी वाचतात. युजीन विग्नर या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने १९६१ साली जाणिवेलाच यात मध्यवर्ती स्थान द्यावे असे सुचवले होते हे खरे, पण पुढे त्याने स्वतःच ते मत सोडले. आणि 'मोजमाप' हा शब्दही पुरेसा स्पष्ट नाही, मूळ सिद्धांतात त्याला जागाच असू नये, असा निबंध बेलने आपल्या अखेरच्या वर्षी लिहिला. एक भौतिकशास्त्रज्ञ एका शब्दाविरुद्ध निबंध लिहितो, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

वेदान्ताचेही असेच. श्रोडिंगरला उपनिषदांची ओढ होती, हे सर्वश्रुत आहे. पण आपले वेदान्ती विचार त्याने १९२५ साली लिहिले. त्याचे समीकरण त्यानंतरचे. ते विचार त्या समीकरणातून निघालेले नव्हेत, आणि त्याने कधी एकाला दुसऱ्याचा पुरावा म्हणून उभे केले नाही. अद्वैताला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि प्रयोगशाळेला अद्वैताचे. शिवाय त्या जुळ्या कणांच्या गुंफणीतून एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर एक अक्षरही पाठवता येत नाही, हे गणिताने पक्के ठरले आहे. पुण्याच्या परीक्षकाला फक्त 'हो-नाही'ची बिनअर्थी माळ दिसते. नागपूरच्या माळेशी ताडून पाहिल्यावरच नाते कळते. मग त्यातून दूरस्थ आशीर्वाद आणि उपचार कसे पाठवणार?

रिकामे प्रश्न

या कहाणीचा व्यावहारिक शेवटही आहे. जी गुंफण कट्ट्यावरचा विषय म्हणून बाजूला टाकली गेली होती, तिच्या आधारे आता गुप्त संदेशांच्या किल्ल्या बनतात आणि नव्या धर्तीचे संगणक रचले जात आहेत. भारत सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी देऊन ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच्या चार केंद्रांपैकी एक मुंबईच्या आय.आय.टी.त आहे. उद्या आपल्या घरातली मुले याच कामावर नोकरीला जातील, आणि त्यांची नोकरी कायम आहे का, असे आपण विचारू.

पण मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. 'कोणी पाहत नसताना ते तेथे असते का?' हा प्रश्न एखाद्या मुलाने जेवताना विचारला, तर आपण म्हणतो, 'मुकाट्याने जेव.' क्लाउझरलाही मोठ्यांनी तेच सांगितले. ग्रेटे हर्मानला तर कोणी तेवढेही सांगितले नाही. नुसते दुर्लक्ष केले. आणि तरीही या प्रश्नाचे निम्मे उत्तर आज आपल्याजवळ आहे, ते अशा पाच-दहा हट्टी माणसांमुळे. त्यांनी प्रश्न नुसता विचारून सोडला नाही, तर निसर्गाला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल इतका नेटका केला. आणि उत्तर आपल्या आवडीचे आले नाही तरी ते लपवले नाही.

उरलेले निम्मे उत्तर अजून कोणापाशी नाही. या दिवाळीत फराळाच्या ताटावर कोणा मुलाने वा मुलीने असला रिकामा प्रश्न काढलाच, तर चकली हातात ठेवून दोन मिनिटे ऐकून घ्या. उत्तर आले नाही तरी चालेल. ते अजून ब्रुसेल्सला, जिनिव्हाला आणि मुंबईलाही आलेले नाही.